बाटलीवर डावा, क्रिस्टलमध्ये उजवा

एका औषध कंपनीने आमच्या लॅबला फसवलं. बाटलीवर एक पदार्थ लिहिला आणि आत दुसरा मिसळून दिला. बाटली आणून देणारा त्यांचा माणूस म्हणजे देसाई. मूळचे पुण्याचे, माझ्याच भाषेत बोलणारे, आणि फार गोड बोलणारे. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. तशा करारावर मी सही केली आहे आणि केलेली सही मी पाळते.

फसवणूक पहिल्यांदा दिसली तेव्हा मी सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून एका लाल डागाकडे बघत होते. डाग स्क्रीनवर होता आणि तो तिथे असायला नको होता. मी खाली जाऊन कॉफी पिऊन आले. डाग तिथेच होता.

पुढचं सगळं भांडण या डागावरून झालं, म्हणून तो काय असतो ते आधी सांगते.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी निरोप ऐकत असते. निरोप घेऊन येणारे छोटे रेणू असतात. हार्मोन हा त्यातलाच एक, बरीचशी औषधंही त्यातलीच. निरोप ऐकणारं प्रथिन म्हणजे रिसेप्टर, आणि त्यात येऊन बसणारा रेणू म्हणजे लिगँड. मी ज्या रिसेप्टरवर काम करत होते तो पेशीच्या आत असतो. तो जागा झाला की पेशी साखरेचा आणि चरबीचा कारभार बदलते. त्यामुळे मधुमेहाच्या औषधवाल्यांचा त्याच्यावर डोळा असतो. या रिसेप्टरच्या पोटात एक खिसा आहे. लिगँड त्या खिशात शिरला की रिसेप्टर अंग आवळून घेतो आणि निरोप पुढे जातो. पुस्तकांत याला कुलूप-किल्ली म्हणतात. मला ते पटत नाही. किल्लीसाठी कुलूप कधी अंग आवळत नाही.

माझा धंदा त्या खिशाचं चित्र काढण्याचा. आम्ही जिवाणूंकडून रिसेप्टर बनवून घेतो, स्वच्छ करतो, त्यात लिगँड मिसळतो आणि त्याचे बारीक थेंब लावून ठेवतो. नशीब असेल तर थेंबात साखरेच्या कणासारखे क्रिस्टल धरतात. नशीब बहुतेक वेळा नसतं. क्रिस्टलवर एक्स-रे सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात, आणि त्या विखुरण्यावरून कॉम्प्युटर सांगतो की अणू कुठे कुठे असावेत. स्क्रीनवर मच्छरदाणीसारखी जाळी दिसते. तिला आम्ही मॅप म्हणतो. त्या जाळीत आपण एकेक अणू बसवत जायचं, यालाच आम्ही बिल्ड करणं म्हणतो. मग कॉम्प्युटर तपासणी करतो. हिरवा डाग म्हणजे इथे काहीतरी आहे आणि तुम्ही ठेवलेलं नाही. लाल डाग म्हणजे तुम्ही इथे जे ठेवलं आहे ते इथे नाहीच.

चांगल्या डेटासाठी जोरदार एक्स-रे लागतात. तसलं मशीन तेव्हा सिंगापूरमध्ये आमच्या कामाचं नव्हतं. द्रव नायट्रोजनच्या पिंपात क्रिस्टल घेऊन मी तैवानला गेले होते. सार्स येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. विमानतळावर कोणी शिंकलं तरी रांग सरकायची, मग पिंपातून वाफ सोडत जाणाऱ्या बाईकडे लोक कसे बघत असतील ते समजून घ्या. डेटा मात्र उत्तम मिळाला होता.

आता डावं-उजवं. रेणूंनाही हात असतात. अणू तेच, जोडणी तीच, पण एक रूप दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. माझी आई नागपूरला इंदोऱ्यात ब्लाऊज शिवायची. बाही कापताना पुढची बाजू जास्त खोल कापतात, मागची कमी. म्हणून डावी बाही उजवीकडे चालत नाही. शिकाऊ बाई दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवते. घडी घातल्यावर काही कळत नाही. अंगात घातला की मुंढ्यात ओढतो. औषधाचंही असंच आहे. चुकीच्या हाताचा रेणू बाटलीत अगदी शहाण्यासारखा पडून राहतो. खिशात शिरायची वेळ आली की ओढतो.

आईच्या गिऱ्हाइकांशी शिलाईचा भाव मी करायची. आईला लाज वाटायची. मला कधी वाटली नाही. त्या भावातूनच मी शिकले आणि सिंगापूरपर्यंत आले. मध्ये कोणा काकांची ओळख किंवा कोणा सरांची चिठ्ठी नव्हती.

तर कंपनीचं औषध डावं होतं. कागदावर डावं, बाटलीवर डावं, देसाईंच्या तोंडी डावं. मी खिशात डावा रेणू बसवला. त्याच्या बाजूला एक छोटी फांदी आहे, तीन-चार अणूंची. ती थेट खिशाच्या भिंतीला भिडली आणि लाल डाग पडला. समोरच्या बाजूला एक हिरवा उंचवटा रिकामा उभा, जणू फांदीसाठी जागा धरून ठेवली होती. मी डावा काढला, उजवा ठेवला. लाल गेला, हिरवा गेला. फांदी आपल्या जागी गपगार बसली.

यात एक खोच आहे. एक्स-रे अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी आपण बसवलेल्या अणूंवरून भरून काढावी लागते. त्यामुळे मॅप खुशामतखोर असतो. तुम्ही जे ठेवाल ते तो थोडंफार दाखवतोच. उतावळा माणूस आवडता लिगँड आधीच खिशात बसवतो, मग मॅप त्याला तोच लिगँड परत दाखवतो, आणि तो आनंदाने पेपर लिहायला घेतो. आमच्या धंद्यात अशा चुका मोठमोठ्यांनी केल्या आहेत. म्हणून माझी पद्धत ठरलेली. लिगँड सगळ्यात शेवटी. आधी सगळा रिसेप्टर, पाण्याचे रेणूसुद्धा, आणि खिसा रिकामा. रिकाम्या खिशात जाळी आपण होऊन जो आकार धरते तो खरा. मी पुन्हा पहिल्यापासून तसं केलं. रिकाम्या खिशात उजवा उभा होता.

मी डॉ. लिम यांच्याकडे गेले. ते आमचे बॉस. सिंगापूरचेच, इथल्या सवयीने वाक्याच्या शेवटी 'ला' लावणारे, सज्जन, भांडणाला घाबरणारे.

"आधी खाल्लंस का?" त्यांनी विचारलं. ते कोणालाही आधी हेच विचारतात.

"खाल्लं. क्लायंटचा रेणू उजवा आहे."

"क्लायंट म्हणतो डावा. बाटलीवर डावा. मग तू डावा बिल्ड कर ला."

"मॅप उजवा म्हणतोय."

"मॅप स्वच्छ नसेल."

"खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसतेय, डॉ. लिम. काच पुसल्यावर ती मशीद होणार नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सुजाता, तू प्रत्येक गोष्टीत भांडतेस."

"बरोबर असले की जास्त."

त्यांची अडचण मला कळत होती. कंपनी आमच्याबरोबर पुढचीही कामं करणार होती, आणि त्यावर ग्रुपच्या बऱ्याच गोष्टी अवलंबून होत्या. त्यांनी देसाईंना फोन केला. देसाईंनी शांतपणे सांगितलं की लॅबला जमत नसेल तर क्रिस्टल आणि डेटा कंपनीच्या परदेशातल्या माणसाकडे द्या, तो नीट बिल्ड करेल. याचा अर्थ सरळ होता. काम माझ्या हातून जाणार, तिकडचा कोणीतरी डावा रेणू खिशात कोंबणार, आणि मी धरलेल्या क्रिस्टलमधून खोटं चित्र बाहेर पडणार. माझं नाव कुठेच असणार नव्हतं. खोट्या चित्रावर नसलं तर बरंच, पण खऱ्यावरही नसणार होतं. देसाई दुसऱ्या दिवशी येणार होते.

संध्याकाळी घरी जाताना पुंगोलला एलआरटीत, म्हणजे तिथल्या छोट्या ट्रेनमध्ये, मुलीच्या शेजारी बसले होते. ती तेव्हा प्रायमरीत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मम्मी, हू आर यू स्कोल्डिंग?" माझे ओठ हलत होते.

घरी नवरा, प्रवीण, म्हणाला, "उद्या भांडायला जाते आहेस का क्रिस्टल दाखवायला?"

"भाव करायला."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "भांडणात तू हरतेस. भावात नाही."

तो इंजिनिअर आहे, पण कधी कधी नेमकं बोलतो.

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये आम्ही तिघंच. मी मॅप मोठ्या पडद्यावर लावला. आधी रिकामा खिसा, मग डावा, मग उजवा. देसाई लक्ष देऊन बघत होते, मान हलवत होते. संपल्यावर त्यांनी बॅगेतून कराराची प्रत काढली.

"फार सुंदर काम आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पण एक कलम वाचतो. आमच्या पदार्थाची रासायनिक तपासणी तुम्ही करायची नाही असं यात आहे. तुम्ही ती केलीत."

औषध कंपन्या असं कलम घालतात, हे खरं आहे. नाहीतर दुसऱ्याची बाटली फोडून कोणीही त्याची नक्कल करेल.

"मी रिसेप्टर तपासला," मी म्हटलं. "तुमचा पदार्थ त्याच्या खिशात सापडला. खिसा तपासायचं काम तुम्हीच दिलंत."

डॉ. लिम हसले आणि मग हसू गिळलं.

भाव करायचा असेल तर जे हवं ते आधी मागायचं नाही. मी मोठं मागितलं. "हा पदार्थ कसा बनवता त्याची पूर्ण कृती द्या. कुठे हात उलटला ते मी शोधून देते."

"अशक्य. गोपनीय आहे."

"बरं, कृती राहू दे. शुद्ध डाव्याची नवी बॅच द्या. मी पुन्हा क्रिस्टल धरते."

"सध्या उपलब्ध नाही."

इथे माझे कान उभे राहिले. सगळी कंपनी ज्या रेणूवर नाचत होती, तो शुद्ध स्वरूपात त्यांच्याकडेच नाही? कापडवाला "तो रंग सध्या संपलाय बघा" म्हणतो आणि मागे वळून फळीकडे बघतही नाही, तेव्हा तो रंग त्याच्याकडे कधी आलेलाच नसतो. देसाई फळीकडे बघत नव्हते.

मी गप्प राहिले. गप्प राहिलं की समोरचा बोलतो. देसाई मराठीत आले.

"सुजाताताई, कशाला ताणताय? परदेशात आपणच आपल्या माणसांना सांभाळून घ्यायचं असतं. डावा बिल्ड करून टाका. पेपरवर पहिलं नाव तुमचं. हा माझा शब्द."

"देसाईसाहेब, मराठीत का सांगताय?"

"आपलं आपल्यात."

मी डॉ. लिम यांच्याकडे वळून स्वच्छ इंग्रजीत म्हटलं, "मिस्टर देसाई म्हणताहेत की मी डावा बिल्ड केला तर पेपरवर पहिलं नाव मला मिळेल. तुम्ही बॉस आहात. घेऊ का?"

डॉ. लिम कागदावर काहीतरी गिरवत होते, ते थांबलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणावर चिडलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते चिडले नाहीत. फक्त देसाईंना म्हणाले, "असं आमच्याकडे होत नाही." हे ते फार हळू म्हणाले, म्हणून जास्त ऐकू आलं.

आता मला जे हवं होतं ते मी मागितलं. "बाटलीत अजून पावडर उरली आहे. मी तिला हात लावत नाही, म्हणजे तुमचं कलम शाबूत. बाटली तुम्हीच फ्रिजमधून काढा. वरच्या मजल्यावर केमिस्ट्रीवाल्यांकडे मशीन आहे, ते डावा-उजवा वेगळा करून दाखवतं. तुम्ही स्वतः शेजारी बसा. तपासणी तुमची, मी फक्त उभी राहीन. आत नुसता डावा निघाला तर क्रिस्टल, डेटा, सगळं घेऊन जा आणि माझं नाव खोडा. उजवा निघाला तर हे चित्र जसंच्या तसं, माझ्या नावाने, सगळ्यांना बघता येणाऱ्या डेटा बँकेत जाईल. ती परवानगी आत्ता लिहून द्या."

देसाईंनी डॉ. लिम यांच्याकडे पाहिलं. डॉ. लिम म्हणाले, "मला हे योग्य वाटतं."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि सांगण्यासारखं कारण त्यांच्याकडे उरलं नव्हतं. भाव करताना एवढंच साधायचं असतं. त्यांनी एक फोन केला, बाहेर जाऊन. परत येऊन सही केली.

वरच्या मजल्यावर मेई नावाची केमिस्ट होती. तिने पावडर विरघळवून मशीनमध्ये सोडली. हे मशीन म्हणजे मुळात एक बारीक नळी. नळीत जे भरलेलं असतं ते स्वतःच एका हाताचं असतं. त्यामुळे आतून जाताना एका हाताचे रेणू पटकन निसटतात आणि दुसऱ्या हाताचे रेंगाळतात. पडद्यावर रेघ सरळ चाललेली असते, रेणू बाहेर पडले की तिला उंचवटा येतो. शुद्ध असेल तर एकच उंचवटा.

एक आला. देसाईंनी माझ्याकडे पाहून स्मित केलं.

रेघ खाली आली, थोडी सरळ चालली, आणि पुन्हा चढायला लागली. दुसरा उंचवटा पहिल्याच्या बरोबरीचा होता.

"हाफ-हाफ ला," मेई म्हणाली आणि हातमोजे काढले.

बाटलीत निम्मे डावे, निम्मे उजवे होते. हात न निवडता रेणू बनवला की असंच होतं. ते सोपं पडतं. एकच हात बनवायचा तर केमिस्टला घाम गाळावा लागतो. माझ्या थेंबात दोन्ही पोचले होते. रिसेप्टरने त्यांतला उजवा उचलून खिशात ठेवला आणि डाव्याला बाहेर उभं केलं. बाटलीवर काय लिहिलं होतं ते त्याला वाचता येत नव्हतं, हे आपलं भाग्य.

मी देसाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. फसलेल्या माणसाचा चेहरा मला माहीत आहे. आईचं कापड आतून विरलेलं निघायचं तेव्हा तिचा तसा व्हायचा. देसाईंना धक्का बसला नव्हता. ते "ओके" म्हणाले, आणि मेईला विचारलं, जवळपास चांगलं लक्सा, म्हणजे नारळाच्या रश्शातले नूडल्स, कुठे मिळेल.

त्यानंतर सगळं चांगलंच झालं, तेही सांगितलं पाहिजे. कंपनीने डावा सोडला आणि उजव्याच्या मागे लागली. त्यांच्या आधीच्या चाचण्यांत औषध अर्ध्याच जोराने का चालतं, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. ते सुटलं. पुढची कामं त्यांनी आम्हालाच दिली. चित्र माझ्या नावाने डेटा बँकेत गेलं आणि आजही आहे. पेपरवर पहिलं नाव माझं आलं, कोणाच्या शब्दाशिवाय. डॉ. लिम यांनी क्रिस्टलचा सगळा विभाग माझ्याकडे सोपवला आणि ग्रुपला चिकन राइस खायला नेलं. तिथे ते म्हणाले, "सुजाता, आता थोडं कमी भांड." मी म्हटलं, "प्रयत्न करते." दोघांनाही माहीत होतं की होणार नाही. तो खिसा बघून कोणत्या तरी देशातला कोणी तरी विद्यार्थी अजून मला ईमेल करतो. आपण काढलेलं चित्र खरं होतं आणि लोकांच्या उपयोगी पडतंय, यासारखं सुख नाही. मी रागीट बाई आहे, पण असमाधानी नाही.

नव्या लोकांना मी दोनच गोष्टी शिकवते. लिगँड शेवटी बसवा. आणि कोणी "सध्या उपलब्ध नाही" म्हणालं, तर तेच पुन्हा मागा.

राहिली एक गोष्ट. नंतर आमच्याच बिल्डिंगच्या हॉलमध्ये देसाईंचं भाषण झालं. हॉल भरलेला होता. खिशाचं माझं चित्र पडद्यावर लावून ते म्हणाले, "आम्ही मुद्दाम दोन्ही हातांचं मिश्रण दिलं होतं. लॅबला सांगितलं नाही. रिसेप्टर स्वतः कोणता हात निवडतो ते आम्हाला निःपक्षपणे बघायचं होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्नांच्या वेळी मी हात वर केला. चेअरमन म्हणाले, वेळ संपली, बाहेर चहा आहे. मी बाहेर येईपर्यंत देसाई टॅक्सीत बसले होते.

तो प्रश्न इथे विचारते. देसाई इथेच सिंगापूरमध्ये मरीन परेडला राहतात, मराठी वाचतात, आणि हे त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी केली आहे.

देसाईसाहेब, बाटलीत मिश्रण आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं, तर खिशात उजवा दिसत असताना मला डावा बिल्ड करायला का सांगत होतात? आणि माहीत नव्हतं, तर आम्ही मुद्दाम दिलं असं भर हॉलमध्ये का सांगितलंत? पहिलं खरं असेल तर तुम्ही आम्हाला फसवलंत. दुसरं खरं असेल तर टाळ्या वाजवणाऱ्यांना. दोहोंपैकी कोणतं, ते तुम्ही सांगायचं आहे. गप्प बसणं हे तिसरं उत्तर मी धरत नाही.